स्वस्त आणि परवडणारे

'स्वस्त' आणि 'परवडणारे' हे शब्द आपण बाजारात सर्रास एकाच अर्थाने वापरतो. शेतकरी 'यंदा ज्वारी परवडली नाही' असे म्हणतो तेव्हा मात्र त्याच्या मनात निव्वळ भाव नसतो. बियाणे, खत, काढणीची मजुरी आणि बाजार समितीपर्यंतचे भाडे वजा जाता पदरात काय पडले, याचा तो हिशेब असतो. हाच हिशेब आपण घरातल्या वस्तूंना क्वचितच लावतो. वस्तू स्वस्त आहे की नाही हे दुकानातच कळते. ती परवडते की नाही हे कळण्यासाठी ती काही वर्षे घरात नांदावी लागते.

पंख्याचेच पाहू. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि थंडीचे मोजके दिवस सोडले तर पंखा जवळपास वर्षभर फिरत असतो. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा, म्हणजे ब्रश नसलेल्या आणि कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १५ तास आणि वर्षाला ३०० दिवस वापर धरला, तर दोहोंत सुमारे २०० युनिटांचा फरक पडतो. युनिटला ८ रुपये धरले, तरी वर्षाला १६०० रुपये होतात. नवा पंखा दीड हजाराने महाग असला, तरी तो फरक वर्षभरात भरून निघतो आणि पुढची बचत आपली. मात्र हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत, जिथे वर्षातून पंधरा दिवसही कोणी झोपत नाही, तिथे लावला, तर साधाच पंखा परवडतो. वस्तू तीच, पण वापर बदलला की उत्तर फिरते.

चादरीचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. आमच्या लग्नात आहेरात आलेली जाड सुती सोलापुरी चादर सोळा वर्षे अंगावर होती. तिचे रंग विटले, घडीच्या रेषेवर ती विरली, मग गादीखाली गेली आणि आता एका गोधडीच्या पोटात आहे. मधल्या काळात मी रस्त्यावरच्या ढिगातून कृत्रिम धाग्याचे तीनशे रुपयांचे एक ब्लँकेट आणले होते. पहिल्या धुण्यातच त्याला गोळे धरले आणि दुसऱ्या हिवाळ्यानंतर ते पायपुसण्याच्याही कामाचे उरले नाही, कारण ते पाणीच शोषत नव्हते. ब्लँकेटचे वर्षाला दीडशे रुपये पडले. चादरीची किंमत आजच्या भावाने हजार रुपये धरली, तरी वर्षाला साठ-पासष्टच होतात.

तरीही चादरीच्या बाजूने सगळेच आहे, असे म्हणता येत नाही. भिजल्यावर ती इतकी जड होते की पिळायला दोघे लागतात आणि तिला पाणीही भरपूर लागते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि घरोघरी टाक्या व पिंपे भरून ठेवावी लागतात, तिथे हे पाणीही खर्चातच मांडले पाहिजे, मग त्याचे वेगळे बिल येवो न येवो. आमच्या घरी म्हणूनच ती पाणी येण्याच्या दिवशीच धुतली जात असे. ऊन सोलापूरचे असल्यामुळे वाळण्याची चिंता तेवढी नव्हती.

भांड्यांच्या बाबतीत जुन्या लोकांना हे वेगळे सांगावे लागत नसे. पितळी पातेले घेतानाच त्याची मोड किती येईल, हे ते मनात धरत. वापरून झिजलेले पातेले वजनावर देऊन नव्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा होई. फुटलेल्या प्लास्टिकच्या बादलीचे भंगारवाला चार-दोन रुपये देतो.

हप्त्यांमुळे हा घोळ आणखी वाढला आहे. 'महिना फक्त ९९९' असे ऐकले की आपण 'परवडते' म्हणतो. पण तिथे परवडलेला असतो तो हप्ता, वस्तू नव्हे. व्याज शून्य असले, तरी प्रक्रिया शुल्क आणि रोखीवर मिळू शकणारी, पण आता हुकलेली सूट हे दोन्ही त्या किमतीत मिळवावे लागतात.

उलट बाजूने, स्वस्त वस्तूच परवडते अशाही जागा आहेत. वाढत्या वयाच्या मुलाचे शाळेचे बूट हे त्याचे ठळक उदाहरण. चामडे कितीही टिकाऊ असले, तरी जूनमध्ये घेतलेला जोड पुढच्या जूनमध्ये त्याच्या पायात शिरत नाही.