आलेख पाहून शेअर घेताना कँडल पूर्ण होऊ द्या

आमच्या लातूरच्या शेअर दलाली कार्यालयात सकाळी अकरा-बाराच्या सुमारास येणाऱ्या बहुतेक फोनांचा विषय एकच असतो: ‘शेअरने वरची पातळी तोडली, लगेच घ्या.’ आपले ग्राहक आलेख वाचू लागले याचा आम्हांला आनंदच आहे. मात्र यातील एका चुकीमुळे अनेकांचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

बाजार सव्वानऊला उघडतो व साडेतीनला बंद होतो. तोपर्यंत दैनंदिन आलेखावरची आजची कँडल, म्हणजे दिवसाचा सुरुवातीचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद भाव दाखवणारा उभा पट्टा, अपुरी असते. तिचा रंग आणि लांबी सतत बदलत राहते. समजा, एखादा शेअर तीन महिन्यांत चार वेळा २४० रुपयांवरून परत फिरला आहे आणि आज अकराला २४४ झाला. आपण तो २४४ ला घेतला आणि बाजार बंद होताना भाव २३६ वर आला, तर संध्याकाळी त्या कँडलला वर फक्त एक लांब शेपटी, म्हणजे दिवसातला वरचा भाव दाखवणारी बारीक रेघ, उरते. म्हणजे पाचव्यांदाही तेथे विकणारेच भारी ठरले. मोंढ्यात सोयाबीनच्या एखाद्या वक्कलाला चढा भाव निघाला, म्हणून तो त्या दिवसाचा सर्वसाधारण दर ठरत नाही, आणि आवक किती झाली हे पाहिल्याशिवाय जाणता शेतकरी दराबद्दल बोलत नाही.

शेअरची ‘आवक’ म्हणजे व्हॉल्यूम, दिवसभरात किती शेअरांची खरेदी-विक्री झाली तो आकडा. पातळी तोडलेल्या दिवशी व्हॉल्यूम नेहमीच्या सरासरीपेक्षा स्पष्टपणे जास्त हवा, आणि त्यातील डिलिव्हरीचा, म्हणजे खात्यात घेऊन ठेवलेल्या शेअरांचा, वाटाही पाहावा, कारण त्याच दिवशी घेऊन विकलेले शेअर कोणी घरी नेलेले नसतात. दिवसभराच्या डिलिव्हरीचे पूर्ण आकडे बाजार बंद झाल्यावरच कळतात. दुसऱ्या दिवशी दोन-तीन रुपये जास्त द्यावे लागले तरी ती खात्रीची किंमत समजावी. स्टॉपलॉस, म्हणजे भाव कुठवर पडल्यास तोटा सोसून विकायचे ती मर्यादा, मात्र खरेदीच्या वेळीच ठरवावा. त्यासाठी थांबू नये. बोनस किंवा विभाजनामुळे संख्या वाढून भाव त्या प्रमाणात उतरलेल्या शेअरच्या जुन्या पातळ्याही नव्याने आखाव्यात.

सौदा आपला आहे. आपण सांगितल्यास ऑर्डर टाकलीच जाते. तरीही आमचा कर्मचारी ‘कालचा बंद भाव आणि व्हॉल्यूम पाहिलात का?’ असे एकदा विचारतो, त्याला कृपया टाळाटाळ समजू नये. दलाली सौद्यांवर मिळत असल्याने घाईच्या सौद्यांत आमचा फायदाच असतो, परंतु डिलिव्हरीच्या सौद्यावर घेताना आणि विकताना प्रत्येकी ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर) आणि वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर लागतो, हे सोसून हाती काही न उरलेला ग्राहक बाजारच सोडतो. आम्हांला आपण अनेक वर्षे हवे आहात.

दर शनिवारी दुपारी आम्ही खातेदारांसोबत जुने आलेख घेऊन बसतो. त्यासाठी शुल्क नाही. फक्त आपली वही सोबत आणावी.