मस्यू, मादाम, मामझेल : फ्रेंच संबोधनांच्या झिजेचा इतिहास

फ्रान्समध्ये अनोळखी माणसाशी बोलताना ‘मस्यू’ किंवा ‘मादाम’ म्हणणे ही सभ्यतेची किमान अट समजली जाते. परंतु रोजच्या बोलण्यात ‘मस्यू’चे ‘म्स्यू’, ‘मादाम’चे ‘म्दाम’ आणि अविवाहित स्त्रीसाठीच्या ‘मादम्वाझेल’चे ‘मामझेल’ होते. ही रूपे बेफिकिरीतून आलेली नाहीत, कारण ज्यांना आपण पूर्ण रूपे म्हणतो तीच मुळात झिजलेली आहेत.

‘मस्यू’ म्हणजे ‘माझे स्वामी’. त्यातील ‘स्यू’ हा भाग ‘अधिक वयाचा’ या अर्थाच्या ‘सेनिओर’ या लॅटिन शब्दाच्या द्वितीयेच्या रूपापासून आला आणि राजाला उद्देशून वापरले जाणारे ‘सीर’ त्याच शब्दाच्या प्रथमेपासून. पुढे आघात नसलेल्या ‘माझे’ या भागातला अनुनासिक स्वर ओझरता ‘अ’ झाला आणि शेवटचा ‘र’ उच्चारातून गेला. सोळाव्या-सतराव्या शतकांत असे अंत्य ‘र’ अनेक शब्दांत लोपले होते; काही शब्दांत ते पुन्हा प्रस्थापित झाले, मात्र सतत तोंडी असलेल्या या संबोधनात ‘र’ परतला नाही. लेखनात (monsieur) मात्र ‘न’ आणि ‘र’ दोन्ही आजही टिकून आहेत. ‘म्स्यू’मध्ये उरलेला ‘अ’ही गळतो, एवढेच. ‘मादम्वाझेल’मध्ये आधी ‘द’नंतरचा स्वर जातो, मग ‘म’ला भिडलेला ‘द’ जातो, आणि ‘वा’ही गळून ‘मामझेल’ उरते.

अर्थाचीही अशीच उतरण झाली. चौदाव्या लुईच्या दरबारात नुसते ‘मस्यू’ म्हणजे राजाचा धाकटा भाऊ फिलिप, आणि ‘ला ग्रांद मादम्वाझेल’ म्हणजे राजाची चुलत बहीण, माँपान्सिएची डचेस. हळूहळू ही संबोधने शहरी मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. क्रांतिकाळात, 1792पासून, त्यांच्या जागी ‘नागरिक’ हे समतेचे संबोधन रूढ करण्याचा प्रयत्न झाला, पण जुनी संबोधने परतली. 2012 साली मात्र सरकारी कागदपत्रांतून ‘मादम्वाझेल’ वगळण्याचा आदेश निघाला, कारण पुरुषाला न विचारली जाणारी वैवाहिक स्थिती ते स्त्रीला विचारत होते. हा आदेश योग्यच होता.

एकोणिसाव्या शतकातील कथा-नाटकांनी अक्षरलोपाचे चिन्ह घालून ही लघुरूपे नोकर-मजुरांच्या तोंडी दिली आणि त्यांना गावंढळपणाचा शिक्का बसला. तो अन्यायकारक आहे, कारण सुशिक्षितांच्या भरभर बोलण्यातही ‘म्स्यू’ सहज ऐकू येते.

या बोली उच्चाराची एक साक्ष दख्खनमध्येही आहे. अठराव्या शतकात निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी बुसी मराठी लेखनात ‘मुसाबुसी’ झाला. या ‘मुसा’त ‘न’ नाही आणि ‘र’ही नाही, म्हणजे आपल्या लेखकांनी फ्रेंचांचे लेखन नव्हे तर त्यांचा उच्चार टिपला होता. निजामाचाच दुसरा सेनानी रेमाँ 1798 साली वारला. त्याच्या ‘मुसा राम’ या लोकनामावरून हैदराबादच्या एका वस्तीला मुसारामबाग हे नाव पडले.