कॉर्कच्या झाडांच्या गावात एक दिवस (फारोहून साओ ब्रास टूर)

दक्षिण पोर्तुगालमधल्या फारोला येणारे आपले लोक बहुतेक करून समुद्रावरच थांबतात, आणि अल्गार्व्हचे (म्हणजे ह्या दक्षिण भागाचे) बीच आहेतच तसे, पण फारोपासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर डोंगराच्या पायथ्याला साओ ब्रास दे अल्पोर्तेल म्हणून गाव आहे, तिथे एक दिवस काढाच असं आम्ही भेटेल त्याला सांगतो. 19व्या शतकापासून कॉर्कच्या धंद्यावर मोठं झालेलं गाव हे. मागच्या सेरा दो काल्देइराओ डोंगरातलं कॉर्क आजही नावाजलेलं आहे. आमची टूर छोटी, एका व्हॅनमध्ये आठ जण, आणि पूर्ण दिवस मराठीतून बोलणं, त्यामुळे आजी-आजोबांनाही मागे बसून काय चाललंय विचारावं लागत नाही.

कॉर्क म्हणजे झाडाची साल. बाटलीचं बूच, शटलकॉकचं बूड, क्रिकेटच्या बॉलच्या आतला गाभा, सगळं ह्या सालीतून येतं. झाड ओकच्या जातीतलं, इथले लोक त्याला सोब्रेइरो म्हणतात (पुण्यात रस्त्याकडेला वासाची पांढरी फुलं टाकतं ते बुचाचं झाड वेगळं, हे ते नव्हे). जगातलं जवळपास निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमध्ये निघतं आणि 2011 मध्ये हा इथला राष्ट्रीय वृक्ष जाहीर झाला.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, साल काढल्यावर झाड मरत नाही का? नाही मरत. नीट काढली तर साल परत येते, मात्र एकदा काढल्यावर किमान 9 वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही असा कायदाच आहे, म्हणून प्रत्येक खोडावर रंगाने सोलणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहिलेला असतो, 5 दिसला तर 2025 ला सोललंय, म्हणजे आता 2034 च्या आधी नाही. मुलं आकडे वाचत वाचत सगळं रान फिरतात. आणि पहिली साल निघायलाच झाड साधारण 25 वर्षांचं व्हावं लागतं, ती पहिली साल खडबडीत, बुचाच्या कामाची नाही, दुसरी पण नाही, तिसऱ्या वेळची साल कुठे बाटलीला चालते. म्हणजे झाड लावल्यापासून चाळीसेक वर्षं गेली! आज जे सोलतात ती झाडं त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळातली, आणि आज लावतील त्याचं चांगलं कॉर्क मुला-नातवंडांच्या हातात. झाड दोनशे वर्षंसुद्धा जगतं. आम्हाला ह्या टूरमध्ये सगळ्यात जास्त दाखवायचं आहे ते हेच, इतकी वाट बघून शेती करणारी माणसं अजून आहेत आणि त्यावर घरं चालतात.

सोलणी बघायची असेल तर मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत या, कारण तेव्हाच झाडाची वाढ जोरात असते आणि साल आतून सुटते. दोघं जण एका झाडाला लागतात, हातात फक्त कुऱ्हाड. आधी सालीच्या उभ्या भेगेवर घाव घालायचा, पातं जरा पिळायचं, साल सुटतेय की नाही ते आवाजावरून कळतं, मग आडवा घाव, आणि कुऱ्हाडीच्या दांड्याचं टोक पाचरीसारखं तासलेलं असतं ते आत सारून हळूहळू उचकटायचं, की कर्रर्र करत माणसाएवढी फळी अख्खी हातात येते. घाव एक बोट जरी खोल गेला तरी झाडाला कायमची जखम, म्हणून हे काम शिकायला वर्षं लागतात आणि इथल्या शेतमजुरीत ह्याला चांगल्यातली चांगली मजुरी मिळते, मिळायलाच पाहिजे. नुकतंच सोललेलं खोड फिकट गुलाबी-पिवळं, ओलसर दिसतं, पुढे तांबडं होत होत काळपट पडतं. त्या ओल्या खोडाला प्लीज हात लावू नका, नखाचा ओरखडासुद्धा नको, आणि कुऱ्हाड चालू असताना आम्ही सांगू तिथेच उभं राहायचं.

मग छोटा कारखाना. फळ्यांच्या थप्प्या काही महिने उघड्यावर ठेवतात, नंतर उकळत्या पाण्यात तासभर, त्याने साल फुगते, मऊ आणि सपाट होते. पुढे निवडणारा माणूस फळीची कड नुसती बघून तिची प्रत सांगतो, त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा, बघण्यासारखं काम आहे. पट्ट्या कापून त्यातून बूच पाडतात. झाडावर साल जशी उभी असते त्याच दिशेने पाडतात, म्हणजे सालीतली छिद्रं बुचाला आडवी राहतात आणि बाटली गळत नाही. उरलेल्याचा चुरा करून फरशा, इन्सुलेशनचे बोर्ड, भुसा बॉयलरला. वाया काहीच नाही. रॉबर्ट हुकने 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे कप्पे बघितले ते ह्याच कॉर्कच्या कापात, शाळेतल्या मुलांना हे ऐकून भारी वाटतं.

दुपारनंतर गाव आणि आसपासच्या वाड्या. माती ठोकून केलेल्या भिंतींची चुना लावलेली घरं, दारातली पावाची भट्टी, धान्य मळायचं खळं, जुन्या विहिरीवरचा रहाट, आणि बदाम, अंजीर, कॅरोबची (गोड शेंगांची) झाडं. मेद्रोन्यो नावाची लाल फळं आंबवून तांब्याच्या भांड्यात दारू काढतात, गोव्याच्या मंडळींना तिथे काजूच्या भट्टीची आठवण येतेच येते (भट्टी चालू हिवाळ्यात, एरवी नुसती जागा बघायची). वाटेत 2012 च्या वणव्यात काळी पडलेली झाडं पण दाखवतो, जाड सालीने बरीच वाचली आणि परत पालवली.

जेवण गावातच. शाकाहारी लोकांनी आदल्या दिवशी नक्की सांगा कारण इथे मांस-मासे फार, पण पाव, ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज, चणे, आणि लसूण-कोथिंबीर घातलेली आसोर्दा (भिजवलेल्या पावाचा पदार्थ) मिळते, त्यात अंडं असतं, नको असेल तर तेही सांगा.

सोलणीच्या सीझनला सकाळी लवकर निघतो कारण कामगार ऊन चढायच्या आत बरंचसं काम उरकतात, बाकीच्या महिन्यांत आरामात. बंद बूट, टोपी, पाणी हवंच, जुलै-ऑगस्टला ऊन खूप लागतं. रानातली वाट चढउताराची आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी कळवा, गाडी जवळपर्यंत नेता येते. रविवारी कारखाना बंद आणि ऑगस्टमध्ये बरेच कारखाने सुट्टीवर असतात, तेव्हा तारीख पक्की करण्याआधी व्हॉट्सॲपवर विचारा, किती जण आहात तेही लिहा, भाव त्यावर ठरतो.