चोरीच्या दोषसिद्धीविरुद्धचे अपील

न्यायदंडाधिकाऱ्याने चोरीबद्दल दोषी ठरवलेल्या आरोपीच्या मागणीवरून वरिष्ठ न्यायालयाने संपूर्ण पुरावा पुन्हा तपासण्याची प्रक्रिया. भारतात साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली) तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालावरील अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांच्या आत दाखल करावे लागते. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस या मुदतीत धरत नाहीत आणि सबळ कारण असल्यास पुढचा विलंबही माफ होतो. तुरुंगातील बंदी तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील पाठवू शकतो.

अशा अपिलाचा निकाल बहुधा मुद्देमालावर ठरतो. समजा, विहिरीवरून चोरीस गेलेली विजेची मोटर पोलिसांनी आरोपीच्या निवेदनावरून जप्त केली. तिच्यावरील क्रमांकाची पट्टी खरवडलेली नसेल आणि तो क्रमांक फिर्यादीच्या पावतीशी जुळत असेल, तर ओळख पटते. पण मोटर फोडून काढलेली तांब्याची तार तेवढी सापडली असेल, तर ती त्याच मोटरची आहे हे सांगणे फिर्यादीलाही अवघड जाते. चोरीनंतर लगेचच माल ज्याच्या ताब्यात सापडतो तो चोर किंवा माल चोरीचा आहे हे माहीत असूनही तो घेणारा असावा, असे न्यायालय गृहीत धरू शकते. मात्र त्यासाठी ताबा आधी सिद्ध व्हावा लागतो. माल कोणालाही जाता येईल अशा उघड्या शेतातून काढून दिला, एवढ्यावरून तो आरोपीच्याच ताब्यात होता असे म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या एका निकालातच स्पष्ट केले आहे. पंच फितूर झाला म्हणून जप्ती आपोआप खोटी ठरत नाही, पण मग तपासी अंमलदाराची साक्ष, पंचनाम्यातील वेळ आणि मालाचे सील यांचा मेळ बारकाईने पाहावा लागतो. खालच्या निकालाची री ओढून अपील फेटाळणे हा या प्रक्रियेतला सर्वांत गंभीर दोष होय. वकील गैरहजर राहिला एवढ्याच कारणाने अपील काढून टाकता येत नाही, ते गुणदोषांवरच निकाली काढावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले.

अपील न्यायालय आरोपीला निर्दोष सोडू शकते, फेरसुनावणीचा आदेश देऊ शकते, किंवा दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा कमी करू शकते. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता मात्र येत नाही. पूर्वी शिक्षा न झालेल्या आरोपीला केवळ ताकीद देऊन सोडण्याची तरतूद गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ मध्ये असून तिथे चोरीची कलमे नावानिशी दिली आहेत. हा अधिकार अपील न्यायालयही वापरू शकते, आणि खालच्या न्यायालयात ही मागणी झालेलीच नसेल तर ती येथे विचारात घेणे अगत्याचे असते.

सत्र न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवल्यास दुसरे अपील नसते. उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण तिथे पुराव्याचे वजन सहसा नव्याने केले जात नाही. निकालात कायद्याची चूक किंवा उघड अन्याय आहे का, एवढेच पाहिले जाते.