पंच कोण आणि पक्षकार कोण? कोकणातल्या शांतता समित्या आणि मनाई आदेशांची पार्श्वभूमी

फाल्गुन तोंडावर आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पेपरांत आतल्या पानावर एक चौकट हमखास येते. ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू.’ खाली यादी असते. सोटे, भाले, तलवारी, बंदुका, लाठ्या बाळगू नयेत. दगड किंवा फेकायची साधनं जमवू नयेत. प्रेतं, आकृत्या किंवा प्रतिमा यांचं प्रदर्शन करू नये. जाहीर घोषणा देऊ नयेत, गाणी म्हणू नयेत, वाद्यं वाजवू नयेत. शिमग्यात ढोल असतात, काठ्या असतात, संकासुराच्या सोंगाच्या हातात आसूड असतो आणि होमाभोवती, म्हणजे होळीभोवती, बोंबा तर असतातच. म्हणजे ही यादी शब्दशः लावली तर अख्खं गाव आत जाईल. तसं कोणी लावत नाही. परवानगी घेऊन सण होतो, आदेश कागदावर राहतो आणि खरोखर गडबड झाली तर पोलिसांच्या हातात तेवढं एक हत्यार तयार असतं.

हा आदेश निघतो १९५१च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली. जमावबंदीचा आदेश जिल्हा पातळीवर एका वेळी फार तर पंधरा दिवसांसाठी काढता येतो. म्हणून पंधरवड्याने तीच चौकट पुन्हा दिसते, फक्त सणाचं नाव बदलतं. याच कायद्यात आणखी पुढे एक तरतूद आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. अशांत भागात जादा पोलीस ठेवले तर त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करता येतो. गावाने भांडण करावं आणि गावानेच पट्टी भरावी, हा विचार इंग्रजी अमलापासून चालत आलेला आहे.

आदेशाच्या जोडीला दुसरी गोष्ट येते ती शांतता समितीची बैठक. पोलीस ठाण्याच्या आवारात मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत सरपंच, पोलीस पाटील, मशिदीचे विश्वस्त, मंडळांचे अध्यक्ष. मी अशा काही बैठकांना बसलोय. निम्मा वेळ दिवाबत्ती, रस्त्यावरचे खड्डे आणि विसर्जन घाटावरची झाडी तोडण्यात जातो. ‘आपल्या तालुक्यात कधी काही झालेलं नाही, यंदाही होणार नाही’ हे वाक्य प्रत्येक वक्ता म्हणतो. मग चहा येतो. या बैठकांना हसणं सोपं आहे. पण त्यांचा खरा उपयोग चहाच्या वेळी होतो. ठाणेदार एका कोपऱ्यात दोघांना घेऊन उभा असतो आणि कुठल्या वाडीत काय शिजतंय ते त्याला तिथे कळतं.

कोकणात शिजतं ते बहुतेक वेळा मानाचं. बाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण जातं. पालखी आधी कुठल्या वाडीत जाणार, सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) ती कोण बसवणार, रूपं (देवाचे मुखवटे) कोणाच्या ताब्यात राहणार, होमाला पहिला अग्नी कोणाचा. गावकर, मानकरी, गुरव, सिंधुदुर्गाकडे बारा-पाच म्हणजे मानकऱ्यांची मंडळी. प्रत्येकाची वहिवाट पिढ्यांची आणि लिहिलेली जवळजवळ कुठेच नाही. १९४९च्या कायद्याने खोती गेली, कुळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, पण देवळातला मान सातबाऱ्यावर नसल्यामुळे तो जिथल्या तिथे राहिला. ज्यांची खोती गेली त्यांना तो सोडायचा नसतो. जे वर आले त्यांना तो हवा असतो. त्यात मुंबईकर. गावच्या शिमग्याचा निर्णय लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत मुंबई मंडळाच्या सभेत होतो आणि गावातल्यांना तो फोनवर समजतो. मग दोन गट पडतात, दोन्हींकडे अर्जांच्या फायली तयार होतात.

अशा वेळी तहसीलदाराच्या दालनात जे चालतं ते पुस्तकात सापडणार नाही. दोन्ही गट एकाच वेळी आत घेत नाहीत. आधी एक बाकावर, दुसरा अंगणात आंब्याखाली. तहसीलदार हा महसूल अधिकारी तसाच कार्यकारी दंडाधिकारीही असतो. जमीन मोजण्याची सवय असलेला माणूस इथे दिवस मोजून देतो. पंचमी ते पौर्णिमा तुमची, पुढचे पाच दिवस त्यांचे. नाहीतर आलटून पालटून वर्षं. नाहीतर पालखीला फक्त गुरवाने हात लावायचा. कशावरच जमलं नाही तर पालखी बाहेर काढायलाच मनाई होते आणि देव त्या वर्षी देवळातच बसतो. दोन्ही गट मनातून त्यावर समाधानी असतात, कारण ‘आमची नाही तर त्यांचीही नाही’. मूळ वाद मात्र धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलाच्या अर्जात पडून राहतो, आणि पुढच्या फाल्गुनात बदलून आलेला नवा तहसीलदार तीच फाईल उघडतो.

सरकारने तिऱ्हाईत म्हणून मध्ये बसायचं, ही रीत इथे स्वातंत्र्याच्या आधीपासूनची. सर्वात ठळक प्रसंग महाडचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि दोन्ही कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. दंगल उसळली ती त्यानंतर, आणि पाण्यावरून नव्हे तर अफवेवरून. ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी आवई उठली, जमाव मंडपात शिरला आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत बसलेल्या माणसांना मारहाण झाली. पोलीस अधिकारी बाबासाहेबांकडे बंगल्यावर गेले. देवळात जायचा आमचा विचार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि संतापलेल्या आपल्या लोकांना आवरलं. म्हणजे त्या दिवशी शांतता राखली ती ज्यांना मार बसला होता त्यांनीच. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा सनातनी मंडळींनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणलेला होता. मंडपासाठी जागा कोणी देईना, तेव्हा ती एका मुस्लिम गृहस्थाने दिली. हुकूम मोडायचा की नाही यावर बरीच चर्चा होऊन सत्याग्रह तहकूब झाला. तळं सर्वांचं, हा उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. मनाई हुकूम शांतता राखतो हे खरं, पण त्या दहा वर्षांत ती कोणाच्या खर्चाने राखली गेली हेही पाहायला हवं.

महाडचं नाव पुढे आणखी एका कागदावर आलं. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. तिचं लोण त्याच महिन्यात जळगावला आणि इकडे महाडला पोचलं. तिन्ही ठिकाणच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने जातीय संघटनांच्या तयारीवर बोट ठेवलं तसंच पोलिसांच्या तपासातल्या पक्षपातावरही. तरीही १९८४ साली भिवंडी पुन्हा जळाली.

बदल झाला तो १९८८ नंतर. तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. जुन्या शांतता समितीत पुढारी असायचे, वर्षातून दोनदा जमायचे आणि दंगल झाली की पहिले तेच गायब व्हायचे. खोपडे यांनी पुढारी बाजूला ठेवले. गल्लीतले यंत्रमागवाले, दुकानदार, बायका, दोन्ही धर्मांची माणसं, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस. भांडण नळाचं असो की गटाराचं, तिथेच बसून मिटवायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना खाडीपलीकडची भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांना धास्ती होती, ती शांत राहिली. पुढे मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली ती हेच उदाहरण समोर ठेवून.

बाकीच्या कोकणाला त्या दंगलींचा धडा वेगळ्या वाटेने मिळाला. मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांतली स्फोटकं रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. तोपर्यंत किनारा म्हणजे कस्टमचा विषय. तिथून तो बंदोबस्ताचा झाला. नौदल आणि तटरक्षक दलाची गस्त आली, २००८च्या हल्ल्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, आणि मच्छीमार पोरांना ‘सागर रक्षक दल’ म्हणून ओळखपत्रं मिळाली.

बंदोबस्ताची बाकीची यंत्रणाही अशीच एकेका धक्क्यातून आलेली. होमगार्ड डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात मोरारजी देसाईंनी सुरू केलं ते दंगलींना तोंड द्यायला. राज्य राखीव पोलीस दल १९४८चं. गावातला वतनी पाटील गेला आणि १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला पोलीस पाटील आला. सणाआधी दंगा काबू पथकाची रंगीत तालीम होते. साध्या वेशातले पोलीस जमाव बनून घोषणा देतात, गणवेशातले कर्ण्यावरून इशारा देतात, मग अश्रुधूर, मग लाठी, शेवटी दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने गोळीबाराचं नाटक. नाक्यावरची पोरं हे सगळं मोबाईलवर टिपत असतात. जमाव बनलेले हवालदार जरा जास्तच मनापासून ओरडतात, असं मला नेहमी वाटतं.

१५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, तंटे नोंदवायचे, सामोपचाराने मिटवायचे, गुण मिळवायचे, आणि लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. बांधाची, वहाळाच्या पाण्याची, माडाच्या झावळ्या कोणाच्या हद्दीत पडतात याची कितीतरी भांडणं तिने खरोखर संपवली. पण इथे एक गाठ होती. गावाच्या समितीत बसणारी माणसं बहुधा गावकीतलीच, म्हणजे गावाचे रीतिरिवाज ठरवणाऱ्या जुन्या पंचमंडळीतली. आणि रायगडात ज्या वाळीत टाकण्याच्या तक्रारी एकामागून एक येत होत्या, त्या गावकीविरुद्धच होत्या. गणपतीला घरी कोणी यायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही, प्रेताला खांदा द्यायचा नाही. कागदावर असं गाव अगदी शांत, कारण तक्रार करणारा एकटा पडलेला. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. नवा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे दहा वर्षांच्या आत सरकारने एका हाताने गावाला पंच केलं आणि दुसऱ्या हाताने त्याच गावाला आरोपी करता येईल अशी सोय केली. दोन्ही गरजेचं होतं, असं माझं मत.

दर्यावरचं भांडण तसंच. आधी यांत्रिक ट्रॉलर विरुद्ध रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), पुढे पर्ससीन (मासळीला वेढणारं मोठं जाळं) विरुद्ध पारंपरिक मच्छीमार. १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात मासळीच्या रक्षणाबरोबर समुद्रातली कायदा-सुव्यवस्था हेही कारण दिलेलं आहे.

आतापर्यंतच्या बहुतेक वादांत सरकार तिसऱ्या खुर्चीत होतं. ज्या वादात दुसरा पक्ष सरकारच, तिथे ही सगळी यंत्रणा अडखळते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई आणि नवघर फाट्यावर नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून गोळीबार झाला. पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचं धोरण आलं. शांतता आली ती त्या टक्क्यांमुळे. त्यासाठी कुठली समिती बसली नव्हती.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात टक्क्यांचाही मार्ग नव्हता, कारण माडबन-साखरी नाट्याची माणसं मोबदला मागत नव्हती, प्रकल्पच नको म्हणत होती. जमावबंदी, नोटिसा, मग १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्यात पोलीस गोळीबार आणि एका मच्छीमाराचा मृत्यू. नाणार रिफायनरीची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली, २०१९च्या निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाली. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीच्या पर्यायी जागेवर, बारसूच्या सड्यावर (कातळाच्या माळावर), माती परीक्षणासाठी गाड्या आल्या तेव्हा ऊन कातळावरून वर येत होतं आणि बायका रस्त्यावर आडव्या झाल्या होत्या. बाहेरच्या जिल्ह्यांतून कुमक आली, मनाई आदेश लागले, कार्यकर्त्यांना नोटिसा गेल्या, अश्रुधूर सुटला. चर्चेच्या बैठकाही झाल्या. पण टेबलाच्या पलीकडे बसलेला अधिकारीच सकाळी मनाई आदेशावर सही करून आलेला, मग त्याच्यापुढे कोण कसं बोलणार? पालखीच्या वादात जो तहसीलदार दोन्ही गटांना आपला वाटतो, तोच सड्यावर पोलिसांच्या गाडीतून उतरला की एका बाजूचा होतो. माणूस तोच, शिक्काही तोच.

जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जमावबंदीचं कलम १४४ आता १६३ झालं, पोलिसांची १४९ची प्रतिबंधक नोटीस १६८ची झाली. तहसील कचेरीतले छापील नमुने बदलले. वाडीवर मात्र अजून ‘एकशे चव्वेचाळीस लागली’ असंच म्हणतात.