शिकारीने न घटणारा कायोटी

कुरणात मरून पडलेले कोकरू नेमके कशाने मेले हे ठरवायचे असेल, तेव्हा अमेरिकेतले जाणकार मेंढपाळ आणि वन्यजीव खात्याचे कर्मचारी आधी त्याच्या गळ्यावरची कातडी सोलून मागे सारतात. वरून पाहिले तर लोकरीत काहीच कळत नाही. पण कातडीच्या आतल्या बाजूला, जबड्याच्या थोडे मागे, सुळ्यांची छिद्रे आणि त्यांच्याभोवती साकळलेले काळसर रक्त दिसले, तर जिवंत असताना त्याचा गळा धरला गेला होता, हे नक्की होते. रक्त साकळलेले नसेल, तर कोकरू थंडीने, आजाराने किंवा उपासमारीने आधीच मेले होते आणि नंतर कोणीतरी येऊन ते खाल्ले. मोकाट कुत्र्याचे काम वेगळे दिसते : तो मागच्या पायांचे, कुशीचे, कानांचे मिळेल तिथे लचके तोडतो. कायोटी हा लांडग्याच्या कुळातला रानटी प्राणी मात्र गळा धरतो आणि जनावराचा श्वास कोंडेपर्यंत सोडत नाही.

ही तपासणी काही मिनिटांची असते. पण ती पुष्कळदा होतच नाही. कोकरू मेलेले दिसते, रात्री कायोटीची कोल्हेकुई ऐकू आलेली असते आणि बंदूक खांद्यावर चढते. ज्याची वर्षाची कमाई कोकरांच्या विक्रीवर उभी आहे, त्याच्या रागाला कारण आहे आणि शहरात बसून त्याला नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्या बंदुकीने जे व्हायला हवे ते होते का? गेल्या शंभर वर्षांचा अनुभव आणि गेल्या पन्नास वर्षांचे संशोधन यांचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे आणि त्यामागचे जीवशास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याच्या आणि लांडग्याच्याच प्रजातीगटातला, श्वानकुळातला प्राणी. आकाराने तो या दोघांच्या मधला. पश्चिम अमेरिकेतल्या वाळवंटी भागात त्याचे वजन दहा-बारा किलो भरते, तर पूर्वेकडच्या जंगलांत पंधरा-वीस किलोंचेही नर आढळतात. त्याचे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘कोयोत्ल’ या शब्दावरून स्पॅनिशमार्गे आले. शास्त्रीय नाव ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे भुंकणारा कुत्रा. हे नाव थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली दिले. उंदीर, घुशी, ससे हे त्याचे मुख्य अन्न. पण टोळ, बोरे, कलिंगडे, मेलेली गुरे, हरणांची पाडसे यांतले काहीही त्याला चालते. ही सर्वभक्षी सवय पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे.

दोनशे वर्षांपूर्वी कायोटी हा मुख्यतः मध्य आणि पश्चिम उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळांचा आणि वाळवंटांचा रहिवासी होता. आज हवाई वगळता अमेरिकेच्या सर्व राज्यांत तो आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो न्यूयॉर्क आणि मेनपर्यंत पोहोचला. १९८०च्या दशकात तो न्यूफाउंडलंड बेटावर दिसू लागला. गोठलेल्या समुद्रावरून चालत तो तिथे गेला असावा असे मानले जाते. दक्षिणेकडे त्याने १९८०च्या सुमारास पनामात पाऊल टाकले, पुढे पनामा कालवाही ओलांडला आणि आता तो दक्षिण अमेरिकेच्या उंबरठ्यावर, दारिएनच्या जंगलालगत आहे. या विस्तारामागे दोन गोष्टी होत्या. माणसाने जंगले तोडून शेते आणि कुरणे केली, म्हणजे कायोटीला सोयीचा मोकळा मुलूख तयार केला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसाने लांडगा संपवला. लांडगा आपल्या हद्दीत कायोटीला टिकू देत नाही. गाठले तर ठार मारतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले, त्यानंतर तिथे सुमारे सत्तर वर्षे कायोटीचेच राज्य होते. १९९५ आणि १९९६ मध्ये लांडगे परत आणून सोडल्यावर उद्यानाच्या काही भागांत कायोटींची संख्या तीन-चार वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. पूर्वेकडे सरकताना कायोटीने उरल्यासुरल्या लांडग्यांशी आणि क्वचित कुत्र्यांशी संकरही केला. त्यामुळे तिथल्या कायोटीच्या अंगात आज सुमारे दोन तृतीयांश वारसा कायोटीचा आणि बाकीचा लांडग्याचा व कुत्र्याचा आढळतो.

लांडग्यावर चाललेले हत्यार कायोटीवरही चालवून पाहिले गेले. १९३१ साली अमेरिकी संसदेने कायदा करून उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त हे केंद्र सरकारचे काम ठरवले आणि पुढची चार दशके स्ट्रिक्निन, थॅलियम, ‘१०८०’ या क्रमांकाने ओळखले जाणारे सोडियम फ्लुरोअॅसिटेट अशी विषे मेलेल्या जनावरांत आणि चरबीच्या गोळ्यांत घालून माळावर टाकली गेली. त्या विषाने गरुड, बॅजर, खोकड, पाळीव कुत्री, जे तोंड लावील ते मेले. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर अशा विषप्रयोगाला आदेशाने बंदी घातली. मारणे थांबले मात्र नाही. कृषी खात्याची वन्यजीव सेवा आजही सापळे, फास, हेलिकॉप्टरमधून गोळीबार अशा मार्गांनी वर्षाला साधारण साठ हजार कायोटी मारते. हौशी शिकारी आणि कातड्यासाठी सापळे लावणारे जे मारतात ते वेगळेच. बहुतेक राज्यांत कायोटीच्या शिकारीला हंगामाचे बंधन नाही. युटासारख्या राज्याने २०१२पासून हरणांच्या रक्षणासाठी प्रत्येक कायोटीमागे पन्नास डॉलर इनाम ठेवले आहे. आणि एवढे होऊनही कायोटीचा मुलूख वाढतच गेला.

असे का होते, हे समजण्यासाठी कायोटीचे कुटुंब पाहावे लागते. एक नर आणि एक मादी यांची जोडी वर्षानुवर्षे टिकते आणि स्वतःची हद्द राखते. शिकागो परिसरातल्या कायोटींच्या जनुकीय तपासणीत जोडीबाहेरच्या संबंधांचा एकही पुरावा मिळाला नाही, इतकी ही जोडी पक्की. जानेवारी ते मार्चमध्ये समागम, सुमारे त्रेसष्ट दिवसांचा गर्भकाळ आणि वसंतात बिळात साधारण सहा पिल्ले. आदल्या वर्षीची एखाद-दुसरी मुलगी किंवा मुलगा घरीच राहून भावंडांना सांभाळतो, पण स्वतः सहसा वीत नाही. उरलेली पिल्ले शरद ऋतूत घर सोडून निघतात, कधी शंभर किलोमीटरहूनही लांब जातात, आणि त्यांतली पुष्कळशी पहिल्याच हिवाळ्यात भुकेने, खरजेने किंवा गाडीखाली येऊन मरतात.

आता या व्यवस्थेत बंदूक आली की काय होते ते पाहा. शरदात आणि हिवाळ्यात मारले जाणारे बहुतेक कायोटी हे घर सोडून भटकणारे तरुण असतात. त्यांतले कित्येक तसेही वसंत पाहणार नव्हते. शिकाऱ्याने फक्त भुकेचे काम आधी केले. जे उरतात त्यांच्या वाट्याला जास्त उंदीर, जास्त ससे येतात. धष्टपुष्ट मादीला जास्त पिल्ले होतात, आणि त्या पिल्लांपैकी जगणारीही जास्त असतात. हद्दीचा मालक नर किंवा मादी मेली, तर जी धाकटी मादी एरवी नुसती राखण करत राहिली असती ती स्वतः विते. रिकामी झालेली हद्द भटक्या तरुणांपैकी कोणीतरी काही आठवड्यांत येऊन बळकावतो. टेक्सासमध्ये फ्रेडरिक नोल्टन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जिथे कायोटींची गर्दी होती तिथे मादीला सरासरी ४.३ पिल्ले होती, आणि जिथे कसून मारणे चालू होते तिथे ६.९. या फरकातला किती भाग शिकारीचा आणि किती सशा-उंदरांच्या सुगीचा, यावर पुढे वाद झाले. कारण कोलोराडोतल्या नंतरच्या प्रयोगात पिल्लांची संख्या अन्नाच्या मुबलकतेबरोबर हलताना दिसली. पण त्याच प्रयोगात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त कायोटी काढून टाकल्यावरही आठेक महिन्यांत त्यांची दाटी पूर्वीइतकी झाली होती, ही गोष्ट उरतेच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गाय कॉनोली आणि विल्यम लाँगहर्स्ट यांनी १९७५ साली हा सगळा हिशेब गणकयंत्रावर मांडून पाहिला. त्यांच्या प्रतिमानात दरवर्षी ७० टक्के कायोटी मारले तरी समष्टी, म्हणजे त्यांची एकूण वस्ती, टिकून राहिली. दरवर्षी ७५ टक्के मारले, तेव्हा ती संपली. पण त्याला पन्नासहून अधिक वर्षे लागली. एवढ्या प्रमाणात, एवढ्या विस्तृत प्रदेशात, एकही वर्ष न चुकता मारणे कोणत्याही राज्याला जमलेले नाही. लांडग्याच्या बाबतीत विष आणि बंदूक पुरेशी ठरली, कारण तो मोठ्या सावजावर आणि मोठ्या कळपावर अवलंबून असतो आणि उशिरा वितो. कायोटी एकटा राहू शकतो, जोडीने राहू शकतो, उंदरावर जगू शकतो, कचऱ्यावरही जगू शकतो.

मात्र माझ्या मते या विषयातली सर्वांत उपयोगी माहिती संख्येची नाही. ती आहे, कोकरू कोण मारतो याची. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड येथे विद्यापीठाचे मेंढ्यांचे संशोधन-कुरण आहे. तिथे १९९०च्या दशकात कायोटींच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून, कोणत्या रात्री कोणता कायोटी कुठे होता हे मेलेल्या कोकरांच्या जागांशी जुळवून पाहिले गेले. कोकरे मारणारे बहुतेक सर्व जण हद्दीचे मालक असलेले, विणारे नर-मादी निघाले. भटक्या तरुणांचा त्यात जवळजवळ वाटा नव्हता. कारण सरळ आहे. बिळात सहा तोंडे वाट पाहत असताना उंदरामागून उंदीर धरत बसण्यापेक्षा एक कोकरू आणणे परवडते. आणि गोम अशी की, कोकरांच्या मोसमात सापळ्यांत आणि फासांत सापडत होते ते प्रामुख्याने तरुण. मुरलेली जोडी सापळा ओळखून होती. म्हणजे ज्यांचा अपराध नव्हता ते मरत होते आणि ज्यांचा होता ते त्याच कुरणात पिल्ले वाढवत होते. ती जोडीच नेमकी काढली तेव्हा त्या हद्दीतले नुकसान खरोखर थांबले, पण नवी जोडी स्थिरावेपर्यंतच.

युटामध्ये याची दुसरी बाजू तपासली गेली. काही जोड्यांची नसबंदी करून त्यांना त्यांच्याच हद्दीत परत सोडले. संप्रेरके शाबूत असल्यामुळे त्यांनी हद्द पूर्वीसारखीच राखली, परक्या कायोटींना आत येऊ दिले नाही. पिल्ले नसल्यामुळे कोकरे मात्र पिल्लेवाल्या जोड्यांपेक्षा बऱ्याच कमी मारली. हजारो चौरस किलोमीटरवर हा उपाय करणे खर्चाचे आहे, हे खरे. पण मेंढ्यांना न छेडणारी स्थिर जोडी ही त्या कुरणाची राखणदारच असते, हे या प्रयोगाने दाखवले, आणि मेंढपाळाने ऐकावे असे यात पुष्कळ आहे.

हौशी शिकारीत याच्या नेमके उलट घडते. शिकारी वाऱ्याकडे तोंड करून झुडपात बसतो आणि जखमी सशाच्या किंकाळीचा आवाज तोंडाने किंवा यंत्राने काढतो. कोवळा कायोटी सरळ धावत येतो. जुना कायोटी लांबून वळसा घेतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन माणसाचा वास घेतो आणि दिसेनासा होतो. जो गोळी चुकून वाचतो तो त्या आवाजाला पुन्हा फसत नाही. सर्वाधिक कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांतूनही अशीच अननुभवी जनावरे मरतात. कॅलिफोर्नियाने २०१४ साली आणि व्हर्माँटने २०१८ साली अशा स्पर्धांवर बंदी आणली. नंतर न्यू मेक्सिको, कोलोराडो, न्यूयॉर्क अशी आणखी काही राज्ये त्यांच्या मागून गेली. कातड्यासाठी किंवा छंदासाठी शिकार करणाऱ्याने तसे स्पष्ट म्हणावे. ती मेंढ्यांच्या रक्षणासाठी आहे, असे म्हणण्याला आधार नाही.

‘यंदा कायोटी फार वाढलेत’ हे गावोगावी ऐकू येणारे वाक्यही जपून घ्यावे लागते. कायोटीचा एकेक आवाज क्षणाक्षणाला पट्टी बदलतो, झाडांवरून आणि टेकड्यांवरून घुमतो, आणि दोन जनावरे मिळून ओरडली तरी सात-आठ असावीत असा भास होतो. अमेरिकेच्या आग्नेय भागात मात्र वाढ खरी आहे आणि तिचा परिणामही खरा आहे. साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना नदीकाठच्या वनक्षेत्रात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची जितकी पाडसे मेली, त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूला कायोटी कारण होता. तिथे तीन वर्षे शेकडो कायोटी काढूनही पाडसांच्या जगण्यात झालेली सुधारणा माफक आणि वर्षागणिक कमीजास्त होत राहिली. याउलट टेक्सासच्या एका प्रयोगात कायोटी काढल्यावर कुरणात सशांची संख्या वाढली आणि ते गुरांच्या वाट्याचे गवत खाऊ लागले.

मग मेंढपाळाने काय करायचे? कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्याने २००० साली केंद्राच्या सापळेवाल्यांशी असलेला करार संपवला आणि तो पैसा मेंढपाळांना कुंपणे, राखणीची कुत्री आणि लामा हे उंटाच्या कुळातले राखणीचे जनावर यांसाठी द्यायला सुरुवात केली. यातही गोळी पूर्णपणे वर्ज्य नाही. प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या कायोटीवर मेंढपाळ ती झाडू शकतो. कोकरे गोठ्यात किंवा जवळच्या वाड्यात जन्मू देणे, मेलेले जनावर कुरणात न ठेवता लगेच पुरणे, रात्री कळप विजेच्या तारांच्या कुंपणात आणणे, ही कामे कष्टाची आहेत, पण ती जोडीलाही अडवतात आणि तरुणालाही.

त्यांत सर्वांत जुना उपाय कुत्र्याचा. आपल्याकडे धनगर वाड्यावर रात्री कुत्री राखण करतात, तशीच तिथे ग्रेट पिरेनीज, अनातोलियन शेफर्ड, अकबाश या युरोप आणि तुर्कस्तानातून आलेल्या जातींची कुत्री करतात. पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाले की त्याला आईपासून काढून माणसांच्या घरात नाही, तर थेट कोकरांच्या वाड्यात ठेवतात. तिथेच ते खाते, कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपते, एखाद्या चिडक्या मेंढीची धडक खाऊन तिच्यापासून अंतर राखायला शिकते. सुमारे दीड-दोन वर्षांनी ते मोठे होते तेव्हा त्याला हाक मारणारा माणूस दूर असला तरी चालतो. संध्याकाळी ते कळपाभोवती फिरून जागोजागी मुतते, भुंकते, आणि पलीकडच्या टेकडीवरची कायोटीची जोडी त्या वासावरून आणि आवाजावरून आपल्या हद्दीची रेघ कुरणाच्या बाहेरून काढते.