अंगठा थकला म्हणून बोटं आली: टेट्रिसमधला वेग हात कसा शिकतो

लेव्हल २९ ला टेट्रिसचा तुकडा वरून तळापर्यंत यायला सेकंदाचा तिसरा भाग लागतो, बस. तेवढ्यात तो ओळखायचा, फिरवायचा, बाजूला न्यायचा आणि नेमक्या खाचेत बसवायचा. निन्टेन्डोने १९८९ मध्ये टीव्हीला जोडायच्या मशीनवर हा गेम आणला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं सगळे असंच धरून चालले होते की २९ म्हणजे संपलं, माणसाच्या हाताचं ते कामच नाही, त्या लेव्हलला नावच पडलं किल स्क्रीन. आज शाळेत जाणारी पोरं त्याच्या पुढे शंभर-शंभर लेव्हल खेळतायत. गेमचा कोड तोच, कंट्रोलर तोच, आणि माणसाचे स्नायू पण तेच, तीसेक वर्षांत ते काय बदलणार. बदलली ती हालचाल. मला ह्या गोष्टीने गेले काही महिने पार वेड लावलंय.

ज्यांना टेट्रिस नावाने आठवत नसेल त्यांनी तो ब्रिक गेम आठवा, हातात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा, जत्रेत स्टॉलवर मिळायचा आणि घरात टुकटुक करून सगळ्यांचं डोकं उठवायचा. त्यातले पडणारे ठोकळे म्हणजे टेट्रिसच. मूळ गेम १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी केला, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये कामाला असताना. सात प्रकारचे तुकडे, प्रत्येकात चार चौकोन, बोर्ड १० घरं रुंद आणि २० घरं उंच. आडवी ओळ पूर्ण भरली की गायब होते आणि ठोकळे वर टेकले की गेम संपला.

माझा भाचा सांगलीत विश्रामबागला राहतो, नववीत आहे, आणि तो सध्या ह्या गेममधलं रोलिंग नावाचं टेक्निक शिकतोय. मी तबला वाजवतो, मिरजेला शिकलो, त्यामुळे कोणाचे हात चालायला लागले की माझं लक्ष स्क्रीनकडे जातच नाही, हाताकडेच जातं. तिथून हा सगळा शोध सुरू झाला.

आधी अडचण काय आहे ते बघू. मशीन सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र नव्याने काढतं, त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. तुम्ही डावं बटण दाबून धरलं तर तुकडा लगेच एक घर सरकतो, मग १६ फ्रेम नुसता थांबतो, आणि त्यानंतर दर ६ फ्रेमला एक घर सरकत राहतो. म्हणजे जोर धरल्यावरही सेकंदाला १० घरं, त्यापेक्षा जास्त नाही. जुने चॅम्पियन ह्यात फार हुशारी करायचे, एक तुकडा बसला आणि दुसरा यायचा त्या बारीकशा गॅपमध्ये बटण परत धरायचं, मग आधीचा चार्ज, म्हणजे बटण धरून ठेवल्याची मशीनने केलेली मोजणी, शिल्लक असला तर ते १६ फ्रेमचं थांबणं वाचतं. जोनास न्यूबावर ह्याच पद्धतीने खेळून सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि त्याचा खेळ आजही बघावा असा आहे, एवढा शांत हात. पण लेव्हल १८ ला तुकडा एक ओळ खाली यायला ३ फ्रेम घेतो, १९ ला २, आणि २९ ला एकच. वीस ओळींना वीस फ्रेम. दर ६ फ्रेमला एक घर ह्या हिशोबाने बोर्ड रिकामा असला तरी तीन-चार घरं सरकता येतं, आणि उभी दांडी डाव्या भिंतीला लावायची तर पाच घरं लागतात. गणित बसतच नाही. खेळाडू कितीही भारी असू दे.

मग उपाय एकच, बटण धरून न ठेवता पुन्हा पुन्हा दाबायचं, प्रत्येक दाबाला एक घर. ह्याला हायपरटॅपिंग म्हणतात. आता इथे शरीर आडवं येतं. तुम्ही आत्ता टेबलावर एका बोटाने जमेल तितक्या जोरात टॅप करून बघा, बहुतेकांचं सेकंदाला पाच ते सात भरतं. कारण बोट खाली नेणारा स्नायू आणि वर आणणारा स्नायू वेगळे, एकाने आखडायचं, मग सैल व्हायचं, मग दुसऱ्याने आखडायचं, आणि स्नायू सैल व्हायलाही वेळ लागतो. हायपरटॅप करणारे लोक त्यावर असा मार्ग काढतात की पूर्ण हातच ताठ करायचा आणि अंगठ्यात एक थरथर आणायची. आपल्या हाताला तशीही एक नैसर्गिक बारीक कंपनं असतात, सेकंदाला ८ ते १२ च्या आसपास, आणि हायपरटॅपिंगचा वेगही साधारण तिथेच घुटमळतो. थॉर ऍकरलंड ह्या अमेरिकन खेळाडूने २०११ मध्ये असंच टॅप करत लेव्हल ३० गाठली. पुढे २०१८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये जोसेफ सेली नावाच्या १६ वर्षांच्या मुलाने हायपरटॅपिंग करून खुद्द न्यूबावरला फायनलला हरवलं. पण ताठ ठेवलेला हात थकतो, दुखतो, आणि थकला की पहिली गोष्ट जाते ती म्हणजे नेमकेपणा, चार टॅप मारायचे तिथे पाच पडतात.

२०२० च्या शेवटी क्रिस्टोफर मार्टिनेझ ह्या खेळाडूने हे सगळं उलटं केलं. अंगठा डी-पॅडवर, म्हणजे डावी-उजवीकडे नेणाऱ्या बटणावर, नुसता ठेवायचा, बटण दबेल न दबेल इतपतच, आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागोमाग एक मारायची. प्रत्येक बोटाच्या धक्क्याने कंट्रोलरच अंगठ्यावर येऊन आपटतो आणि बटण दबतं. अंगठा काहीच करत नाही. हेच ते रोलिंग. चार बोटं, प्रत्येकाने सेकंदाला पाचदाच पडायचं, जे कोणालाही झेपतं, पण मिळून झाले वीस. तबल्यात तिरकिट फास्ट वाजतं ते ह्याच कारणाने, एकच बोट चार वेळा पडत नाही, उजव्या हाताची बोटं आणि डावा हात ते आपसात वाटून घेतात, म्हणून चौगुनीला, म्हणजे चौपट वेगाला सुद्धा प्रत्येक बोट आपल्या जागी निवांत असतं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भाच्याला म्हटलं, लेका हा तर रेला आहे, तबल्यातली ती न थांबता पळणारी बोलांची धार.

आता शिकण्याची गोष्ट, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. वीस टॅप सेकंदाला म्हणजे एका टॅपला ५० मिलिसेकंद. डोळ्याने बघून हाताने प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे दुसरा टॅप पडला का बघू आणि मग तिसरा मारू असं होऊच शकत नाही, तोवर पाचवा पडून गेलेला असतो. कार्ल लॅश्ली ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये हाच मुद्दा वाजवणाऱ्यांवरून मांडला होता, की बोटं सेकंदाला सोळा-सोळा वेळा पडतात तेव्हा एका हालचालीची खबर मेंदूत जाऊन दुसरीचा हुकूम निघायला वेळच नसतो, त्यामुळे अख्खी मालिका आधीच तयार असली पाहिजे आणि ती एकदम सोडली जाते. ह्याला मोटर प्रोग्रॅम म्हणतात. रोलिंग करणारा "एक दोन तीन चार" मोजत नाही. त्याच्याकडे तीनचा एक प्रोग्रॅम असतो, चारचा वेगळा, पाचचा वेगळा, आणि तुकडा बघितला की त्यातला एक सुटतो.

भाच्याचा हात जवळून बघितला की हे दिसतं. तीन घरं सरकायचं असेल तर तीन बोटं, चारला चारही, करंगळीपासून सुरू करून तर्जनीपर्यंत. पाचला पंचाईत. चार बोटं संपली की पाचव्या टॅपसाठी करंगळीला परत यावं लागतं, आणि तिथे एक बारीकसा खड्डा पडतो, कानाला कळतो, टकटकटकटक आणि मग जरा थांबून टक. तो खड्डा बुजवणं हाच त्याचा सध्याचा रियाज आहे. "मामा, बघा की, आत्ता आला का आवाज सरळ?" असं विचारत बसतो. गेम बंद, नुसता कंट्रोलर मांडीवर. मला वाटतं हे तो एकदम बरोबर करतोय, कारण स्कोअर बघत शिकलं असतं तर तो खड्डा त्याला कधी ऐकूच आला नसता.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर ह्यांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिल्यात प्रत्येक गोष्ट विचार करून करायची, कुठलं बोट, कुठे, किती जोरात. दुसऱ्यात तुकडे एकमेकांना जोडले जातात, चुका कमी होतात. तिसऱ्यात हात आपोआप चालतो आणि डोकं दुसऱ्या कामाला मोकळं होतं. टेट्रिसमध्ये हे मोकळं होणं फार महत्त्वाचं, कारण स्क्रीनवर कोपऱ्यात पुढचा एक तुकडा दिसत असतो आणि लेव्हल २९ ला आत्ताचा तुकडा दिसल्यावर विचार करून उपयोग नसतो, वीस फ्रेमपैकी बारा-पंधरा तर नुसत्या बघण्यातच जातात. निर्णय आधीच झालेला पाहिजे. ज्याचं लक्ष बोटांत अडकलंय त्याला पुढचा तुकडा बघायला डोळाच शिल्लक राहत नाही.

म्हणूनच नवीन टेक्निक घेतलं की स्कोअर आधी पडतो. भाचा जुन्या पद्धतीने जिथपर्यंत जायचा त्याच्या निम्म्यावर आला, आणि चिडला पण. पण हे जुनं ज्ञान आहे. १८९७ मध्ये ब्रायन आणि हार्टर ह्यांनी अमेरिकेतल्या तारवाल्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की मोर्स कोड घेण्याचा वेग वाढतो, मग बराच काळ तिथेच अडकतो, मग परत उडी मारतो. वेन ग्रे आणि जॉन लिंडस्टेट ह्यांनी २०१७ मध्ये ह्यात एक भर घातली, की नुसता अडकलेला काळ बघू नका, मधे जो खड्डा पडतो तो बघा, कारण माणूस जुनी पद्धत टाकून नवी पकडत असतो तेव्हाच कामगिरी खाली जाते आणि पुढची उडी बऱ्याचदा तिथूनच निघते. जुन्याच पद्धतीने खेळत राहिला असता तर त्याचा आलेख एकदम सरळ गुळगुळीत राहिला असता, आणि लेव्हल २९ ला जाऊन आपटला असता.

विश्रांतीबद्दल लोक विचारतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या गटाने लोकांना बोटांचा एक क्रम १० सेकंद वाजवायला लावला, १० सेकंद विश्रांती, असं आलटून पालटून. सुरुवातीची जवळजवळ सगळी सुधारणा विश्रांतीनंतर दिसली, वाजवताना नाही. नंतर इतरांनी हरकत घेतली की तो बोटांचा थकवा उतरल्याचा परिणाम असू शकतो, आणि ती हरकत मला वजनदार वाटते. पण शिकणाऱ्यासाठी सल्ला दोन्हीकडून तोच निघतो, थोडं वाजवा, थांबा, परत वाजवा. झोपेचं पण असंच, मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की बोटांचा शिकलेला क्रम रात्रीच्या झोपेनंतर साधारण २० टक्के फास्ट झाला. आणि टेट्रिसचा तर खास प्रयोग आहे, रॉबर्ट स्टिकगोल्ड ह्यांनी २००० मध्ये लोकांना गेम खेळवून झोप लागताना काय दिसतं विचारलं, तर पडणारे ठोकळे दिसतात म्हणाले, आणि त्यात स्मृती गेलेले काही रुग्णही होते, ज्यांना आपण असला गेम खेळलोय हेच आठवत नव्हतं. म्हणजे खेळल्याची आठवण एकीकडे राहते आणि खेळ भलतीकडेच मुरतो.

मेंदूला ह्यात जास्त काम पडत असेल असं आपल्याला वाटतं. रिचर्ड हायर ह्यांनी १९९२ मध्ये टेट्रिस शिकणाऱ्यांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन काढले, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारे, काही आठवड्यांच्या सरावानंतर स्कोअर कितीतरी वाढला होता पण मेंदूचा ग्लुकोजचा वापर कमी झाला होता. ज्या भागांची गरज नाही ते गप्प बसायला शिकतात, असं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट मात्र आईबापांना सांगायलाच पाहिजे. हायपरटॅपिंगमध्ये मनगट-दंड ताठ ठेवावा लागतो, ते तासन्तास करणं बरं नाही, मुंग्या आल्या किंवा दुखायला लागलं की तिथेच ठेवायचं, दम धरून पुढे जायचं नाही. रोलिंग त्या मानाने हाताला सोपं पडतं. बोटं प्लॅस्टिकवर घासू नयेत म्हणून काही खेळाडू पातळ हातमोजा घालतात, तेही चालतं.

ह्या पद्धतीने २१ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमाचा १३ वर्षांचा विलिस गिब्सन लेव्हल १५७ पर्यंत गेला आणि तिथे गेमच हँग झाला, तोपर्यंत माणूस तिथे पोहोचेल असं कोड लिहिताना कोणाच्या डोक्यात नव्हतं. आता वेगाला पुढची मर्यादा मशीनची आहे. गेम कंट्रोलरकडे फ्रेमला एकदाच बघतो, एका फ्रेमला बटण दाबलेलं दिसलं पाहिजे आणि पुढच्या फ्रेमला सुटलेलं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३० टॅप. चांगले रोलर विसाच्या पुढे गेलेत. मधल्या जागेसाठी बोटंच पुरतील का आणखी कुठली हालचाल काढावी लागेल ह्यावर भाच्याचं स्वतःचं मत आहे, तो म्हणतो दोन्ही हातांची बोटं लावायची, आणि मला ते अजिबात अशक्य वाटत नाही.